दारीं आलेला पारवा

श्रोतेहो, आरंभींच घरांतली एक लहानशी गोष्ट सांगतों, याबद्दल क्षमा असावी. तीन आठवड्यांपूर्वीं आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरील छज्ज्यावर पारव्यांच्या एका जोडप्यानें चार काटक्या आणून टाकल्या. त्या काटक्यांना घरटें म्हणणें म्हणजे पारव्याचा मान राखणें होय; इतका आळशी गवंडी पक्ष्यांत दुसरा नसेल. दुसऱ्या दिवशीं त्यांतला एक खिडकींतून सरळ आंत आला, ओट्यावर उतरला आणि गॅसच्या शेगडीशेजारीं दोन पावलें टाकून परत गेला. आमच्या आत्याबाईंनीं तें पाहिलें. "घरांत पारवा शिरला. शांत करावी लागेल," असें त्या म्हणाल्या. माझी मुलगी वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षांत आहे. तिचें म्हणणें, शांत नको, जाळी बसवा. पारव्याच्या विष्ठेनें माणसाचीं फुप्फुसें बिघडतात. धाकटा मुलगा शाळेंत जातो. तो म्हणाला, "बाबा, हा तर शांततेचा पक्षी ना? मग त्याची शांत कशाला?"

एका पक्ष्याविषयीं एका घरांत तीन मतें निघालीं. त्यांतलें खरें कोणतें, हें पाहण्यासाठीं मी कपाटांतलीं पुस्तकें खालीं काढलीं. आज जें सांगणार आहें तें ह्या तीन आठवड्यांच्या वाचनाचें फळ आहे.

आधीं नांवांचा घोळ मिटवूं. संस्कृतांत कपोत आणि पारावत असे दोन शब्द आहेत. पारावतापासून आपला पारवा झाला. कबूतर हा शब्द फारसींतून आला. आणि शेताच्या कडेला जो लहानसा, मानेवर ठिपके असलेला त्याचा भाऊबंद दिसतो त्याला आपण होला किंवा कवडा म्हणतों. इंग्रजांनींहि ह्या एका कुळाला दोन नांवें देऊन ठेविलीं आहेत. 'डव्ह' म्हटलें कीं तो पक्षी काव्यांत जातो, 'पिजन' म्हटलें कीं रस्त्यावर येतो. पक्षिशास्त्राला हा भेद मान्य नाहीं. आपल्या खिडकीशीं घुमणारा निळसर करडा पारवा मूळचा कड्याकपारींत राहणारा. माणसानें उंच घरें बांधलीं तेव्हां त्याला ते कडेच वाटले असावेत. इतर पक्षी माणसाच्या अंगणांत येतात, हा भिंतींत येतो. मला वाटतें, त्याच्याविषयींच्या बहुतेक कल्पना ह्या एका संवयीपासून निघाल्या आहेत. तो न बोलावतां दारीं येतो, आणि त्याचें काय करावयाचें हा प्रश्न घरच्या माणसाला पडतो.

हा प्रश्न किती जुना आहे पाहा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतलें १६५ वें सूक्त कपोताविषयीं आहे. अवघ्या पांच ऋचांचें हें सूक्त वाचून मी चकित झालों. त्यांतला कपोत हा निर्ऋतीचा, म्हणजे विनाशाच्या देवतेचा, दूत आहे. तो घरांत शिरला आहे आणि अग्नीच्या स्थानाजवळ त्यानें पाऊल टाकलें आहे! शेगडीशेजारचीं तीं दोन पावलें पाहून आत्याबाई कां दचकल्या, त्याचें उत्तर तीन हजार वर्षांपूर्वींच्या ऋषीनें देऊन ठेविलें आहे. आत्याबाईंनीं ऋग्वेद वाचलेला नाहीं. त्यांना त्यांच्या आईनें सांगितलें, आईला तिच्या सासूनें. आश्वलायन गृह्यसूत्रांत तर स्पष्ट विधि आहे: कपोत घरावर येऊन आदळला किंवा घरांतून उडत गेला, तर ह्या सूक्ताच्या ऋचांनीं आहुति द्याव्यात किंवा त्यांचा जप करावा. आत्याबाईंची शांत ती हीच.

पण त्या सूक्ताचा सूर लक्षांत घेण्यासारखा आहे. त्यांत दगड नाहीं, काठी नाहीं. आमच्याकडे धाडलेला हा पक्षी आम्हांला सुखकर होवो, आमच्या गाईगुरांना आणि माणसांना त्याच्यापासून इजा न होवो, असें ऋषि विनवितो. ज्याचा तो दूत, त्या यमाला नमस्कार करितो, आणि मग मंत्रानें त्याला बाहेरची वाट दाखवितो. पाहुणा नकोसा आहे. तरी तो दूत आहे, आणि दूताला मारीत नाहींत.

ह्या गरीब दिसणाऱ्या पक्ष्याच्या पाठीमागें मृत्यूची छाया कां पडली असावी? माझा तर्क सांगतों. माणसें गांव सोडून गेलीं, वाडे ओस पडले, म्हणजे तेथें पहिला बिऱ्हाडकरू पारवाच. पडक्या देवळांत आणि मोडक्या बुरुजांत जो आवाज घुमतो तो त्याचा. आपल्या मराठींत ओसाड घराचें वर्णन करावयाचें तर तेथें पारवे घुमतात असें म्हटलें कीं दुसरें कांहीं सांगावें लागत नाहीं. बालकवि ठोमरे यांची 'पारवा' ही कविता पुष्कळांनीं शाळेंत वाचली असेल. पडक्या धर्मशाळेच्या कौलारावर बसून घुमणारा तो पक्षी आणि त्याच्या स्वरांतलें अबोल दुःख, हें १९१८ सालीं, ऐन अठ्ठाविसाव्या वर्षीं गेलेल्या ह्या कवीनें जसें टिपलें तसें दुसऱ्या कोणी टिपलेलें मला ठाऊक नाहीं. उलट कालिदासाचा मेघ उज्जयिनीला पोंचतो तेव्हां, जेथें पारवे झोंपले आहेत अशा एखाद्या गच्चीवर रात्र काढ, असें यक्ष त्याला सांगतो. तेथें हेच पारवे नांदत्या नगरीची निशाणी आहेत. घर भरलेलें असो वा रितें, पारवा असतोच. अर्थ घराकडून येतो.

आतां महाभारताकडे वळूं, कारण तेथें ह्या पाहुण्याचें रूप पालटतें. वनपर्वांत उशीनर राजाची कथा आहे. हीच कथा शिबि राजाच्या नांवानेंहि सांगतात आणि आपल्याकडे तेंच नांव रूढ झालें. ससाण्याच्या भयानें पळणारा कपोत राजाच्या मांडीवर येऊन पडतो. राजा त्याला अभय देतो. पुढें राजानें आपलें मांस तोडून तराजूंत घातलें, कपोताचें पारडें जडच राहिलें, आणि शेवटीं राजा स्वतःच पारड्यांत बसला, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. ससाणा म्हणजे इंद्र आणि कपोत म्हणजे अग्नि, हाहि उलगडा ठाऊक असतो. परंतु मधला संवाद आपण सोडून देतों, आणि कथेचा जीव त्या संवादांत आहे. ससाणा क्रूर म्हणून बोलत नाहीं, तो न्याय मागतो. तो म्हणतो, हा माझा विहित आहार आहे. तूं तो हिरावून घेतलास तर मी मरेन, माझ्या मागें माझीं बायकामुलें मरतील. एकाला वांचवून तूं अनेकांना मारीत आहेस. आणि जो धर्म दुसऱ्या धर्माच्या आड येतो त्याला धर्म कसें म्हणावें? राजापाशीं ह्याला तर्कानें देण्याजोगें उत्तर नाहीं. तो बैल देऊं करितो, रेडा, हरिण देऊं करितो; ससाण्याला तें नको. तेव्हां राजा आपल्याच अंगाला हात घालतो. दयेची किंमत असते आणि ती दया करणाऱ्यानें भरावयाची असते, इतकें राजाला कळलें.

ही कथा बौद्धांनींहि आपलीशी केली. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यांत ती रंगविलेली आहे; तराजूशेजारीं उभा राहिलेला राजा तेथें आजहि दिसतो. लेण्यांत शिरतांना सारे पद्मपाणि बोधिसत्त्वाच्या चित्राकडे धांवतात आणि ह्या राजाकडे पाठ होते. पुन्हा जाल तेव्हां क्षणभर त्याच्यापुढेंहि थांबावें.

शांतिपर्वांत भीष्म युधिष्ठिराला दुसरी कथा सांगतात, आणि ती मला पहिलीहून थोर वाटते. एका व्याधानें कपोती पकडून पिंजऱ्यांत घातली आहे. वादळ होतें, रात्र पडते, थंडीनें कुडकुडणारा तो व्याध एका झाडाखालीं येऊन त्या झाडाच्या देवतांना शरण जातो. झाड नेमकें त्याच कपोतीचें घर. वर नर एकटाच विलाप करीत असतो. गृहिणीलाच घर म्हणावें, भिंतींना नव्हे, असें जें सुभाषित आपण वारंवार ऐकतों, तें मुळांत ह्या पारव्याच्या तोंडचें आहे. पिंजऱ्यांतून कपोती त्याला म्हणते, माझा शोक राहूं दे. हा आपल्या दारीं आला आहे, ह्याचें आतिथ्य कर. मग तो पक्षी निखारा शोधून आणतो, वाळकीं पानें पेटवितो, व्याधाला ऊब देतो. व्याध म्हणतो, मला भूक लागली आहे. पारव्याच्या घरीं सांठा कसला असणार! तो विस्तवाला तीन प्रदक्षिणा घालतो आणि आंत शिरतो. व्याधाचें हृदय फुटतें. तो जाळें, काठी, पिंजरा टाकून देतो. सुटलेली कपोती नवऱ्यामागें त्याच अग्नींत प्रवेश करिते. हा शेवटचा भाग कथाकार मोठ्या गौरवानें सांगतो. मला तो आज वाचवत नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगतों. पण कथेचा पल्ला पाहा. वेदांत जो नकोसा पाहुणा होता, उशीनराच्या घरीं जो आश्रित झाला, तोच येथें यजमान झाला आहे, आणि दारीं आलेला माणूस आहे.

रामायणांत बिभीषण शरण येतो आणि त्याला घ्यावें कीं नाहीं असा वाद वानरांत पडतो, तेव्हां राम ह्याच कपोताचा दाखला देतो. पक्ष्यानें शत्रूला आपलें मांस दिलें, मग मीं काय करावें, असा त्याचा भाव आहे. राज्यकर्त्यानें सभेंत पुरावा म्हणून एका पारव्याचें नांव घ्यावें, असें उदाहरण दुसऱ्या वाङ्मयांत असेल तर मला जरूर कळवावें.

ह्याच भावनेचा एक सुंदर शब्द आपल्याकडे आहे: कापोती वृत्ति. शेतांत सांडलेले दाणे वेंचून जगावयाचें आणि उद्यांसाठीं कांहीं ठेवावयाचें नाहीं, तिचें हें नांव. आश्वमेधिक पर्वांतलें तें अर्धें सोन्याचें मुंगूस आठवा. युधिष्ठिराचा यज्ञ ज्याच्या मूठभर सातूपुढें फिका पडला, तो कुरुक्षेत्रींचा ब्राह्मण कापोती वृत्तीनेंच राहणारा होता, आणि त्याच्याहि दारीं अतिथीच आला होता.

आपल्या परंपरेनें ह्या पक्ष्याला नुसतें डोक्यावर घेतलें असेंहि नाहीं. भागवताच्या अकराव्या स्कंधांत अवधूत आपले चोवीस गुरु सांगतो, त्यांत एक कपोत आहे. पण त्याच्यापासून शिकावयाचें तें, असें वागूं नये, हें. जाळ्यांत पिलें सांपडलीं म्हणून मादी जाते, मादी गेली म्हणून नर जातो. संसाराच्या मोहाचा तो नमुना. एकनाथांनीं १५७३ सालीं काशीस पुरें केलेल्या भागवतांत हा प्रसंग मराठींत आला आहे. शांतिपर्वांत ज्या दांपत्यप्रेमाला स्वर्ग मिळाला, त्यालाच येथें फांस म्हटलें आहे. दोन्ही ग्रंथ आपल्या एकाच देवघरांत राहतात आणि त्यांचें भांडण झालेलें ऐकिवांत नाहीं.

आतां माझ्या मुलाचा प्रश्न. शांततेचा पक्षी ही कल्पना कोठून आली? ती आपली नव्हे. पश्चिम आशियांतून निघून युरोपांत वाढली. तिचा प्रवास मी थोडक्यांत सांगतों. बायबलांतल्या जलप्रलयाच्या कथेंत नोहा आपल्या तारवांतून आधीं कावळा सोडतो, मग कबूतर. पाय टेकावयास जागा न मिळाल्यामुळें कबूतर परत येतें. नोहा हात बाहेर काढून त्याला आंत घेतो. सात दिवसांनीं तें ऑलिव्हचें पान घेऊन येतें. त्याच्याहि पूर्वींची बाबिलोनी कथा निनवे येथील मातीच्या विटांवर सांपडली. जॉर्ज स्मिथ यांनीं १८७२ सालीं ती वाचली, आणि तिच्यांतहि प्रलयानंतर कबूतर सोडलेलें आहे. दोन्ही ठिकाणीं त्या पक्ष्याचें काम जमिनीची वार्ता आणण्याचें. पाणी ओसरलें, इतकाच त्या पानाचा अर्थ. त्यावर शांतीचा अर्थ ख्रिस्ती लोकांनीं चढविला. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळीं पवित्र आत्मा कबुतरासारखा उतरला असें शुभवर्तमानांत आहे. टर्टुलियन ह्या ग्रंथकारानें तीं दोन कबुतरें जोडलीं आणि जलप्रलयानंतरचें तें पान म्हणजे ईश्वरी कोप शमल्याचा निरोप, असें म्हटलें. रोमच्या भुयारी थडग्यांवर मग चोंचींत फांदी धरलेलें कबूतर दिसूं लागलें. तें पुढें चर्चच्या वेदीवर गेलें, आणि गोव्यांत आपणांसहि तें परकें नाहीं; मडगांवचें मोठें चर्च पवित्र आत्म्याच्याच नांवाचें आहे. ग्रीकांकडे मात्र हाच पक्षी अफ्रोडाइटी ह्या प्रेमदेवतेचा लाडका. तेथें शांतीचा संबंध नाहीं. मुसलमानी परंपरेंत पैगंबर सौरच्या गुहेंत लपले असतां तोंडाशीं कोळ्यानें जाळें विणलें आणि कबुतरानें घरटें केलें, म्हणून पाठलाग करणारे माघारीं फिरले, असें सांगतात. पुन्हा आश्रयच, आणि तो देणारें कबूतर!

आज भिंतींवर व तिकिटांवर जें पांढरें कबूतर दिसतें त्याला खरी चालना १९४९ सालीं मिळाली. पॅरिस येथें त्या वर्षीं एप्रिलमध्यें भरलेल्या जागतिक शांतता परिषदेच्या भित्तिपत्रकावर पिकासोचें शिळाछाप कबूतर होतें. तो पक्षी त्याला मातीस ह्या दुसऱ्या मोठ्या चित्रकारानें दिलेला. त्याच महिन्यांत पिकासोला मुलगी झाली. तिचें नांव त्यानें पालोमा ठेविलें, स्पॅनिश भाषेंत कबूतर. गंमत अशी कीं, त्याच १९४९ सालीं व्हिएन्ना येथें कोनराड लोरेंझ या प्राणिशास्त्रज्ञाचें एक पुस्तक निघालें. एका पिंजऱ्यांत ठेविलेल्या दोन होल्यांपैकीं एकानें दुसऱ्याला टोंचून टोंचून कसें सोलून काढलें, त्याची हकीकत त्यांत आहे. पळून जावयास जागा नसली म्हणजे शांततेचा हा पुतळा लांडग्याहून निर्दय होतो, असें लोरेंझचें म्हणणें. आणि पहिल्या महायुद्धांत, १९१८ सालीं, आर्गोनच्या रानांत वेढल्या गेलेल्या अमेरिकन तुकडीचा निरोप घेऊन गोळीबारांतून गेलेल्या 'शेर आमी' ह्या कबुतराला फ्रान्सनें लढाईंतील शौर्याचें पदक दिलें, हें शांततेच्या कोणत्या खात्यावर टाकावयाचें?

म्हणून मुलाला मी सांगितलें, शांतता हा ह्या पक्ष्याचा सर्वांत अलीकडचा आणि माझ्या मतें सर्वांत पातळ अर्थ आहे. त्याहून स्पॅनिश संगीतकार इरादिएर याचें एकोणिसाव्या शतकांतलें 'ला पालोमा' हें गीत मला जवळचें वाटतें. समुद्रावर निघालेला प्रियकर प्रेयसीला विनवितो कीं, तुझ्या खिडकीशीं एखादें कबूतर आलें तर त्याला मायेनें वागव, कारण तो मीच असेन. एका खिडकीशीं निर्ऋतीचा दूत, दुसऱ्या खिडकीशीं सखा. (आपल्या चित्रपटांनीं मात्र त्याला टपालखात्यांत नोकरीस लाविलें; १९८९ सालच्या 'मैंने प्यार किया' मधलें कबूतर आठवणारे श्रोते अद्याप पुष्कळ असतील.)

राहिली मुलीची जाळी. पहिल्या शतकांत अलेक्झांड्रियाचा तत्त्वज्ञ फायलो अश्कलोन नगरींत गेला. तेथें चौकाचौकांत आणि घराघरांत कबुतरांचे थवे पाहून त्यानें कारण विचारलें, तेव्हां त्यांना धरण्याची पूर्वापार मनाई आहे असें कळलें. तीं इतकीं धीट झालीं होतीं कीं माणसांच्या पंक्तीला बसत. हें वाचतांना मला दादर आठवलें. २०२५ च्या पावसाळ्यांत महानगरपालिकेनें मुंबईंतल्या कबुतरखान्यांविरुद्ध कारवाई केली, दादरचा प्रसिद्ध कबुतरखाना ताडपत्रीनें झांकला गेला, मोर्चे निघाले आणि वाद मुंबई उच्च न्यायालयापुढें गेला. दाणे टाकणाऱ्यांची भूतदया मी खोटी म्हणत नाहीं. पुष्कळांच्या घरीं ती पिढ्यांची आहे. पण विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनें कांहीं माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, हेंहि वैद्यकानें ठरविलेलें आहे. त्या वादांत मला कोणी शिबीचें नांव घेतांना दिसलें कीं राजाची मांडी आठवते. त्यानें पारडें भरावयास शेजाऱ्याचें मांस कापलें नव्हतें. ससाण्याचा प्रश्न आज दम्यानें बेजार झालेला चौथ्या मजल्यावरचा म्हातारा विचारतो आहे, आणि त्याला उत्तर देण्याचें काम दाणे टाकणाऱ्याचें आहे.

माझ्या मुलीचें आणि आत्याबाईंचें एका गोष्टींत एकमत झालें आहे, कीं पारवा आंत येतां कामा नये. आत्याबाईंनीं शांत करविली. मुलगी तोंडाला फडकें बांधून छज्जा ओल्या कापडानें पुसते, आणि खिडकी दोघीहि लावून घेतात. जाळी बसविणारा कारागीर उद्यां येणार होता. पण परवां सकाळीं दोन्ही अंडीं फुटलीं आणि पिवळसर लवेचीं, चोंचच मोठी असलीं दोन कुरूप पिलें बाहेर आलीं. नर आणि मादी आळीपाळीनें आपल्या गळ्यांतलें दूध त्यांना भरवीत आहेत. पिलें उडूं लागावयास सुमारें एक महिना लागतो. तोंवर येऊं नका, असा निरोप कारागिराला काल गेला. तो धाडला माझ्या मुलीनें.